निरीश्वरवाद्यांची शपथ आणि त्यांचे सभागृह

गेल्या वर्षी आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीपुढे एक साधा अर्ज आला होता. एका रविवारी सकाळी तीन तासांसाठी सभागृह भाड्याने मिळावे, एवढीच त्यात मागणी होती. अर्ज करणारी मुलगी नोकरी करणारी. तिचे वडील निवृत्त शिक्षक होते. आपल्या अभ्यासिकेतील मुलांना त्यांनी सहा वर्षे इंग्रजीचे व्याकरण विनामूल्य शिकविले. जुने विद्यार्थी त्यांना नुसते 'सर' म्हणूनच ओळखतात, म्हणून मीही येथे तेवढेच म्हणतो. सर जन्माने आपल्या समाजातले नव्हते, बौद्धही नव्हते. खरे म्हणजे ते कुठल्याच धर्माचे नव्हते. "देव आहे की नाही हे मला ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे असे वाटते, त्यांनाही ते ठाऊक नाही," असे ते हसत हसत सांगत.

सर गेले. आपल्या मागे दहावे-तेरावे करू नये, असे त्यांनी लिहून ठेवले होते. मुलीला फक्त एक शोकसभा घ्यायची होती. जवळच्या एका ज्ञातीच्या सभागृहात तिने चौकशी केली. तेराव्याचा विधी असेल तर जागा मिळेल, नुसत्या सभेला मिळणार नाही, असे तिला सांगण्यात आले. म्हणून ती आपल्याकडे आली. आपल्या छापील अर्जात 'विधीचे स्वरूप' असा एक रकाना आहे. तो तिने कोरा ठेवला होता.

बैठकीत त्यावरून वाद झाला. काही जण म्हणाले, आपण सभागृह सर्वांना देतो, तसेच हेही द्यावे. काही जण म्हणाले, ही वास्तू बुद्धविहाराला लागून आहे, तेव्हा येथे होणारा कोणताही दुःखाचा कार्यक्रम त्रिशरण-पंचशील घेऊनच सुरू झाला पाहिजे. मी या दुसऱ्या मताचा होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्रिशरण म्हणजे काही देवाची प्रार्थना नव्हे, मग अडचण काय, असे मी बोललोही. चिटणीसांनी मुलीला आत बोलावून तसे विचारले. ती म्हणाली, "काका, ती देवाची प्रार्थना नाही हे मला माहीत आहे. बाबा तुमच्या कार्यक्रमांत त्या वेळी उभे राहत असत, तेही तुमच्या मानासाठी. पण शरण जाणे हेच त्यांना कधी जमले नाही. ते गेल्यावर त्यांच्या नावाने आम्ही कसे म्हणावे?"

त्या बैठकीत पुढे काय ठरले ते शेवटी सांगेन. पण तिचे बोलणे माझ्या मनातून जाईना. ईश्वर न मानणाऱ्या माणसाला समाजात आणि कायद्यात जागा कशी मिळाली, याची माहिती मी त्यानंतर वाचत गेलो. आपल्या विद्यार्थी मित्रांना ती उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. 'नास्तिक' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. मनुस्मृतीने तर वेदांची निंदा करणाऱ्यालाच नास्तिक ठरविले. त्या हिशेबाने बौद्ध, जैन आणि चार्वाक हे सगळेच नास्तिक! ईश्वर नाही असे निश्चयाने म्हणणारा तो निरीश्वरवादी. ईश्वर आहे किंवा नाही हे कळण्याचे साधन माणसापाशी नाही, म्हणून या बाबतीत मी मत देत नाही, असे म्हणणारा तो अज्ञेयवादी. अज्ञेयवादासाठी इंग्रजीत जो 'ॲग्नॉस्टिक' हा शब्द आहे, तो टॉमस हक्स्ले या शास्त्रज्ञाने १८६९ साली बनविला. पण ही वृत्ती काही इंग्रजांनी शोधून काढली नाही. बुद्धाच्या काळी संजय बेलट्ठपुत्त नावाचे एक आचार्य होते. परलोक आहे काय, असे विचारले तर ते 'आहे' म्हणत नसत, 'नाही' म्हणत नसत, 'आहेही आणि नाहीही' असेही म्हणत नसत. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे भगवंतांचे दोन अग्रश्रावक, ते आधी या संजयाचेच शिष्य होते. भगवंतांनीही जग शाश्वत की अशाश्वत अशा प्रश्नांना उत्तर देण्याचे नाकारले. मात्र त्यांचे कारण वेगळे होते. बाण लागलेल्या माणसाने तो कोणी मारला याची चौकशी करीत बसू नये, आधी बाण काढावा, असे त्यांचे सांगणे होते.

आता कोणी विचारील, माणसाने मनात देव मानला काय आणि न मानला काय, त्याच्या नागरिकत्वाला त्याने काय बाधा येते? बाधा येत होती, आणि ती शपथेच्या वाटेने येत होती. इंग्लंडमध्ये कोर्टात साक्ष द्यायची तर बायबलवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे. जो खोटे बोलेल त्याला देव शिक्षा करील, ही भीती हेच साक्षीच्या खरेपणाचे तारण मानले जाई. ज्याला ही भीती नाही, त्याची साक्ष न्यायालय ऐकतच नसे. याचा अर्थ काय होतो तो पाहा. अशा माणसाच्या घरी चोरी झाली तर चोराविरुद्ध तो बोलू शकत नाही. १८५७ साली लंडनमध्ये खरोखरच असे घडले. एका परदेशी गृहस्थाने परलोकावर विश्वास नसल्याचे सांगितले, म्हणून चोराविरुद्धची त्याची तक्रार न्यायाधीशाने घेतली नाही. जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात हे उदाहरण दिले आहे आणि त्यातील विसंगतीही दाखविली आहे. ज्याला श्रद्धा नाही पण जो ती आहे असे खोटे सांगतो, त्याची साक्ष चालते. जो खरे सांगतो, त्याची चालत नाही. खोटे बोलणाऱ्याला आत घ्यायचे आणि खरे बोलणाऱ्याला बाहेर ठेवायचे, असा हा कायदा होता. १८६९ व १८७० च्या कायद्यांनी कोर्टापुरती ही अडचण दूर झाली. निरीश्वरवाद्याला देवाचे नाव न घेता, गांभीर्यपूर्वक वचन देऊन साक्ष देता येऊ लागली.

राहिले पार्लमेंट. तेथील शपथेच्या दारातून एकेक जमात मोठ्या कष्टाने आत आली होती. कॅथलिकांना १८२९ साली प्रवेश मिळाला. क्वेकर पंथाचे लोक शपथ घेणे हेच पाप मानतात. त्यांच्यातला पहिला सभासद १८३३ साली वचन देऊन आत बसला. रॉथशिल्ड हे यहुदी सावकार १८४७ साली निवडून आले, पण त्यांना प्रत्यक्ष बसता आले १८५८ साली. ईश्वर न मानणारा तेवढा दाराबाहेर राहिला होता. म्हणजे तसे लोक पार्लमेंटमध्ये नव्हतेच असे नाही. ते मुकाट्याने शपथ घेऊन बसत होते. ज्याने मुकाट्याने बसायचे नाकारले, त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ.

ब्रॅडलॉ यांचा जन्म १८३३ सालचा, लंडनच्या गरीब वस्तीतला. वडील वकिलाच्या कचेरीत कारकून. (आमच्या पेशाचा माणूस म्हणून मला त्यांच्याविषयी थोडी जास्त आपुलकी वाटली असेल!) मुलगा हुशार, धर्मनिष्ठ, रविवारच्या धर्मशाळेत लहान मुलांना शिकविणारा. बिशपांच्या भेटीची तयारी म्हणून त्याने शुभवर्तमाने बारकाईने वाचली. त्यातील वर्णने एकमेकांशी जुळेनात, तेव्हा त्याने पाद्र्यालाच शंका विचारल्या. पाद्र्याने शंकेचे उत्तर देण्याऐवजी त्याला शिकविण्याच्या कामावरून दूर केले आणि त्याच्या वडिलांना पत्र लिहिले. सोळा वर्षांच्या आसपासचा हा मुलगा घराबाहेर पडला. त्याला आसरा कोणी दिला? रिचर्ड कार्लाइल हे मुक्तविचारांसाठी वर्षानुवर्षे तुरुंगात गेलेले प्रकाशक. त्यांच्या मागे राहिलेल्या एलिझाबेथ शार्पल्स यांनी, स्वतः हलाखीत असताना, त्याला घरात घेतले. पुढच्या सगळ्या कथेत हा आसरा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे सैन्यातील नोकरी, मग वकिलाकडे कारकुनी, आणि संध्याकाळी व्याख्याने. १८६६ साली त्यांनी राष्ट्रीय इहवादी संघटना स्थापन केली. १८७७ साली संततिनियमनावरील एक पुस्तक छापल्याबद्दल त्यांच्यावर आणि ॲनी बेझंट यांच्यावर खटला झाला. आपल्याकडे असेच धाडस र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात केले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वेही निरीश्वरवादीच होते.

१८८० साली नॉर्दम्प्टन शहराने ब्रॅडलॉ यांना पार्लमेंटवर निवडून दिले. हे नॉर्दम्प्टन म्हणजे जोडे शिवणाऱ्यांचे गाव. चामड्याचे काम करणारे हात किती स्वाभिमानी मत टाकू शकतात, ते पुढे दिसले. ३ मे १८८० रोजी ब्रॅडलॉ यांनी सभापतींकडे विनंती केली की, कोर्टात मला वचन देऊन साक्ष देता येते, तसेच येथेही देऊ द्यावे. समितीने नाही म्हटले. मग ते म्हणाले, ठीक आहे, कायदा सांगतो ती शपथ घेतो. त्यावर विरोधक म्हणाले, तुमचा देवावर विश्वास नाही, तेव्हा तुम्हाला शपथही घेता येणार नाही! वचन देऊ द्यायचे नाही आणि शपथही घेऊ द्यायची नाही. या विरोधकांचे म्होरके लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल होते, म्हणजे विन्स्टन चर्चिल यांचे वडील. ब्रॅडलॉ जागेवरून हलेनात, तेव्हा २३ जून १८८० रोजी त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र अटकेत ठेवले. ज्याला आपण बिग बेन म्हणतो, तोच हा मनोरा.

जुलैमध्ये त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर वचन देऊन बसू दिले. ते बसले, मतदानही केले. लगेच कोणी तरी त्यांच्यावर दावा लावला की, शपथ न घेता दिलेल्या प्रत्येक मताला ५०० पौंड दंड झाला पाहिजे. जागा रिकामी ठरविण्यात आली. १८८१ साली नॉर्दम्प्टनने त्यांनाच पुन्हा पाठविले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी ते आत जाऊ लागले, तेव्हा पोलिसांनी त्यांना धरून, कोट फाटेपर्यंत ओढत अंगणात आणून सोडले. बाहेर त्यांच्या समर्थकांचा प्रचंड जमाव होता. एका शब्दाने दंगल झाली असती. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. १८८२ साली त्यांनी खिशातून नवा करार काढून स्वतःच शपथ वाचली. त्यांना काढून टाकण्यात आले, आणि नॉर्दम्प्टनने तिसऱ्यांदा निवडून दिले. १८८३ साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी वचनाचे विधेयक आणले. स्वतः अत्यंत श्रद्धाळू असलेल्या ग्लॅडस्टन यांनी त्याच्या बाजूने केलेले भाषण फार गाजले. विधेयक तीन मतांनी पडले. २९२ विरुद्ध २८९. १८८४ साली पुन्हा निवडणूक, पुन्हा ब्रॅडलॉ. १८८५ साली पाचव्यांदा. अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभापतींनी, सभासदाच्या शपथेत आड येण्याचा कोणालाही अधिकार नाही असे सांगून त्यांना शपथ घेऊ दिली आणि ते आत बसले.

आत बसल्यावर त्यांनी काय केले ते महत्त्वाचे आहे. दोन वर्षांत त्यांनी १८८८ चा शपथ कायदा मंजूर करून घेतला. ज्याला धर्मश्रद्धा नाही अशा कोणालाही, पार्लमेंटमध्ये असो की कोर्टात, शपथेऐवजी वचन देण्याचा हक्क मिळाला. आपल्यामागून येणाऱ्याला खिशातून पुस्तक काढण्याची पाळी येऊ नये, याची त्यांनी तजवीज केली.

ब्रॅडलॉ आपल्या देशाशीही जोडलेले आहेत. हिंदी लोकांचे प्रश्न ते इतके मांडत की त्यांना 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणत. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला ते आजारातून उठून आले होते. योगायोग असा की १८८९ साली जमलेल्या प्रतिनिधींची संख्याही १,८८९ होती. २७ जानेवारी १८९१ रोजी पार्लमेंटने त्यांना बंदी करणारा जुना ठराव आपल्या दप्तरातून काढून टाकला. ब्रॅडलॉ तेव्हा मरणशय्येवर बेशुद्ध होते. ३० तारखेला ते वारले. त्यांच्या दफनाला गेलेल्या हिंदी माणसांत एकवीस वर्षांचे मोहनदास गांधी होते. आत्मचरित्रात त्यांनी तसे लिहिले आहे.

येथपर्यंतची गोष्ट हक्काची झाली. पण हक्क मिळाला म्हणजे माणूस एकटा राहत नाही असे नाही. ब्रॅडलॉ यांचे ज्येष्ठ समकालीन जॉर्ज जेकब होलिओक यांनी ही बाजू अधिक ओळखली होती असे मला वाटते. १८४२ साली एका व्याख्यानानंतर श्रोत्याच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले की, देश गरिबीत आहे, तेव्हा देवालाही अर्ध्या पगारावर ठेवावे. या एका वाक्याबद्दल त्यांना सहा महिने कैद झाली. ते तुरुंगात असताना त्यांची लहान मुलगी वारली. इहवाद हा अर्थ सांगणारा इंग्रजी शब्द १८५१ साली त्यांनीच रूढ केला. हेच होलिओक सहकारी चळवळीचे मोठे प्रचारक होते. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी सुरू केलेल्या सहकारी दुकानाचा इतिहास त्यांनी लिहिला. एकत्र येऊन दुकान चालविणारी माणसे आणि देवाशिवाय एकत्र येणारी माणसे, दोन्ही त्यांना एकाच कामाची अंगे वाटत.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये गरिबाचे सगळे सामाजिक जीवन चर्चमध्ये होते. मुलाचे नाव तेथे ठेवायचे, लग्न तेथे, रविवारची भेटगाठ तेथे, आणि शेवटची जागाही चर्चच्या आवारात. जो चर्च सोडी, तो या सगळ्याला मुकत असे. म्हणून इहवाद्यांनी आपल्या सभा रविवारीच ठेवल्या. १८७१ च्या सुमारास होलिओक यांच्या धाकट्या भावाने एका सहकाऱ्याबरोबर गीते व संस्कार यांचे एक पुस्तक काढले. त्यात मुलाचे नाव ठेवताना आणि दफनाच्या वेळी काय बोलावे, ते दिले होते. हे वाचून मला आपल्या 'बौद्ध पूजापाठ' या पुस्तिकेची आठवण झाली. धम्मदीक्षेनंतर घराघरांतल्या जन्म, विवाह आणि मृत्यूला लोक काय म्हणतील, हा प्रश्न बाबासाहेबांपुढेही होताच. पंडित नको एवढे म्हणून भागत नाही. पंडिताच्या जागी उभे राहून चार शब्द कोणी तरी बोलावे लागतात.

आणि शब्दांना जागा लागते. लेस्टर या गावी इहवाद्यांची संस्था होती, पण तिला स्वतःची वास्तू नव्हती. होलिओक यांच्या व्याख्यानाला गावात सभागृह नाकारण्यात आले. त्या चिडीतून जोसाया गिमसन या यंत्रे बनविणाऱ्या कारखानदाराने पुढाकार घेतला, भाग जमविले, आणि मार्च १८८१ मध्ये इहवाद्यांचे स्वतःचे सभागृह उघडले. ब्रॅडलॉ पार्लमेंटच्या दाराशी झगडत होते तेच हे वर्ष. उद्घाटनाला होलिओक, ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट तिघेही होते. सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर पाच अर्धपुतळे बसविले आहेत. सॉक्रेटिस, व्हॉल्टेअर, टॉमस पेन, रॉबर्ट ओवेन आणि पाचवा येशू ख्रिस्त! येशू माणूस म्हणून आम्हाला आदरणीय आहे, अशी त्यांची भूमिका. साहजिकच गावातले धार्मिक लोक संतापले. आत व्याख्यानांची खोली, ग्रंथालय, मुलांची रविवारची शाळा आणि करमणुकीची जागा होती. ब्रॅडलॉ यांच्या मृत्यूनंतर इंग्लंडमधील ही चळवळ पुष्कळ ओसरली. लेस्टरचे सभागृह मात्र आजही उभे आहे आणि संस्थाही चालू आहे.

आपल्या महाराष्ट्राकडे वळले की प्रथम गोपाळ गणेश आगरकर आठवतात. 'केसरी'चे पहिले संपादक, १८८८ साली 'सुधारक' काढणारे, आणि विचाराने अज्ञेयवादी. पुण्यात सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली होती. १८९५ साली ऐन एकोणचाळिसाव्या वर्षी दम्याने ते गेले. आपल्या अंत्यविधीसाठी लागणारे पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. लोक याकडे त्यांचा निःस्पृहपणा म्हणून पाहतात, ते खरेच आहे. पण मला त्या पुडीत दुसरेही काही दिसते. आपल्याला खांदा द्यायला कोण येईल याची खात्री नसलेला माणूस अशी पुडी बांधतो. आगरकरांपाशी विद्वत्ता होती, लेखणी होती, पण लेस्टरसारखे सभागृह नव्हते.

लग्नाचा प्रश्नही असाच. धर्मविधीवाचून विवाह करता यावा म्हणून १८७२ साली एक कायदा झाला, मुख्यतः बंगालच्या ब्राह्मो मंडळींच्या मागणीवरून. त्याची अट अशी होती की वधूवरांनी आम्ही ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे. श्रद्धाळू सुधारकाला हे खोटे लिहावे लागे. निरीश्वरवाद्याला मात्र खरे बोलून लग्न करता येत होते! ब्रॅडलॉ यांच्या शपथेची ही अगदी उलटी बाजू. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही अट उरली नाही. आता तीस दिवसांची नोटीस द्यायची आणि तीन साक्षीदार आणायचे. तमिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने पुरोहिताविना लग्ने लावली, पण न्यायालयाने ती कायदेशीर मानली नाहीत. १९६७ साली अण्णादुराई सरकारने हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून त्यांना मान्यता दिली. विद्यार्थी मित्रांच्या माहितीसाठी सांगतो, बौद्ध पद्धतीने लागलेले आपले विवाहही याच १९५५ च्या कायद्याखाली येतात.

आंध्रमधील गोरा यांची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. त्यांनी १९४० साली एका खेड्यात निरीश्वरवादी केंद्र काढले. ते पुढे विजयवाड्याला आले. ते अस्पृश्यतेविरुद्ध सहभोजने घडवीत. आपल्या थोरल्या मुलीचे लग्न त्यांनी अस्पृश्य समाजातील तरुणाशी ठरविले. ते गांधीजींनी सेवाग्रामला लावावे असे ठरले होते, आणि देवाच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने विधी करण्यास गांधीजींनी संमती दिली होती. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला. तरी ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये ते लग्न सेवाग्राम आश्रमात लागले. ईश्वर मानणाऱ्यांच्या आश्रमात न मानणाऱ्यांचे लग्न, आणि तेही जात मोडून.

आपली राज्यघटना तयार होत असताना १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला. श्रद्धेची बाब प्रत्येकावर सोपवावी, ती सर्वांच्या वतीने लिहू नये, असा त्यांचा आशय होता. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. म्हणून आपली उद्देशिका 'आम्ही भारताचे लोक' अशी सुरू होते. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याने, खासदाराने, न्यायाधीशाने घ्यावयाच्या शपथेचे नमुने आहेत. प्रत्येकात दोन पर्याय दिले आहेत. 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' हा एक आणि 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' हा दुसरा. दोन्हींचे वजन सारखेच. दूरदर्शनवर शपथविधी पाहताना मुलांनी हा फरक कान देऊन ऐकावा. कोर्टातही १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदाराला असेच दृढकथन करता येते. गीतेवर हात ठेवण्याचा प्रसंग सिनेमातच जास्त दिसतो.

कागदावर इतके असूनही रोजच्या व्यवहारात काय होते, ते बँकेच्या खिडकीशी बसणाऱ्याला कळते. मी नोकरीला लागलो तेव्हा निष्ठा व गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही केली. त्यात देवाचे नाव कोठेही नव्हते, आणि आमच्या तिजोऱ्या त्यावर व्यवस्थित चालतात! पण डिसेंबर २०१९ मध्ये खात्यासाठी धर्म लिहावा लागणार अशी आवई उठली, तेव्हा लोक घाबरून विचारायला येत होते. भारतीय नागरिकाला खाते उघडताना धर्म सांगण्याची गरज नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने केला. तरी जुन्या फॉर्मवर तो रकाना दिसला की माणूस तो भरतोच, आणि न भरणाऱ्याकडे आम्ही कर्मचारी मान वर करून पाहतो. मीही पाहिले आहे. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निर्णय दिला. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नाही म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडविली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये याच न्यायालयाने सांगितले की, मी कोणत्याही धर्माचा नाही असे म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे, आणि सरकार त्याला धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असे लिहिले. आपल्याकडे २०११ साली धर्म न सांगितलेले लोक सुमारे २८ लाख ६७ हजार, म्हणजे शेकडा पाव टक्काही नाहीत. शेकड्याने ते नगण्य असतील, पण २८ लाख म्हणजे एका मोठ्या शहराची वस्ती झाली. आणि हे शहर एका ठिकाणी वसलेले नाही. कुठे एखाद्या चाळीत एक, कुठे एखाद्या कचेरीत एक, असे ते विखुरलेले आहे.

आता बैठकीचे. मुलीला बाहेर बसवून आम्ही पुन्हा बोललो. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आठवण काढली की, आपली ही वास्तू उभी राहण्यापूर्वी गावातल्या दोन-तीन जागा आपल्याला जयंतीच्या सभेसाठी मिळाल्या नव्हत्या आणि पहिली सभा आपण मैदानात कंदील लावून घेतली होती. त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही. सभागृह द्यावे, त्रिशरणाची अट घालू नये, असे सात विरुद्ध चार मतांनी ठरले. माझे मत चारांतले होते.

सभेला मी गेलो. सरांचा फोटो टेबलावर होता, हार नव्हता. जुने विद्यार्थी एकेक करून बोलले. एक जण आता तलाठी आहे, एक परिचारिका. कर्मणी प्रयोग कसा शिकविला ते एकाने फळ्यावर लिहून दाखविले, तेव्हा सगळे हसले आणि मुलगी पहिल्यांदा रडली. शेवटी दोन मिनिटे उभे राहायचे होते. आमच्या वस्तीतल्या एक वयस्क बाई दर पौर्णिमेला विहारात येतात. त्यांनी सवयीने मेणबत्ती आणली होती. ती हातात धरून त्या मुलीजवळ गेल्या आणि हळूच विचारले, "बाई, ही लावू का? तुझ्या बाबाला चालंल का?" मुलगी म्हणाली, "लावा ना आजी. उजेडाला त्यांची कधी हरकत नव्हती."

भाडे नेहमीच्या दराने घेतले, विजेचे वेगळे. पावती मीच लिहिली. 'विधीचे स्वरूप' या रकान्यात काय घालायचे याचा थोडा वेळ विचार केला आणि 'सभा' असे लिहिले. पुढच्या छपाईत तो रकाना 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा करावा, ही सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली. ती मंजूर झाली आहे. जुने फॉर्म अजून दीडशे शिल्लक आहेत. ते संपेपर्यंत तेवढी दुरुस्ती हाताने करावी लागेल.